नाशिकरोडला उतरल्यावर

अरे, तुझा निरोप मिळाला. बोटीने मुंबईहून गोव्याला जाऊन तुम्ही सगळे परत मुंबईत उतरणार, विमान त्यानंतर दोन दिवसांनी रात्रीचं, आणि मधल्या मोकळ्या दिवसात आईला नाशिक दाखवायचं. सकाळच्या वंदे भारतने यायचं, संध्याकाळच्या वंदे भारतने परत जायचं, मध्ये गाडी भाड्याने घेऊन आपलं आपण फिरायचं. बेत चांगला आहे. घरी जेवायला या असा आग्रह मी धरणार नाही. आत्याकडे पाटावर बसलात की त्र्यंबक राहिलंच म्हणून समज. चहाचा थर्मास घेऊन स्टेशनवर मात्र येईन.

तुझ्या आतोबांनी उमेदीची सगळी वर्षं याच स्टेशनबाहेर टुरिस्ट गाडी चालवली. आधी फियाट, मग अँबेसेडर, शेवटी सुमो. देवदर्शनाला आलेली आणि संध्याकाळची गाडी पकडायला निघालेली शेकडो कुटुंबं त्यांनी वाहिली. ते मला सांगायचे तेच तुला सांगते. ज्याची परतीची गाडी ठरलेली आहे त्याने ठिकाणं मोजू नयेत, तास मोजावेत, आणि तेही शेवटाकडून.

म्हणजे कसं ते बघ. तुमची गाडी संध्याकाळी सात वाजून गेल्यावर आहे. नेमकी वेळ तिकिटावरची बघ, आणि मंगळवारी ही गाडी नसते तेही लक्षात ठेव. साडेसहाला तुम्ही फलाटावर हवेत. त्यासाठी पंचवटीतून साडेपाचला निघायला हवं. स्टेशन तिथून दहाच किलोमीटरवर आहे, पण मध्ये द्वारका चौक आहे आणि संध्याकाळी तिथे काय होतं हे नाशिककरांना विचार. पंचवटीला दोन तास धरले तर साडेतीनला तिथे पोचायला हवं. त्यासाठी त्र्यंबकहून अडीचच्या आत निघायला हवं. सकाळी नवाच्या सुमारास उतरून चहापाणी, सामान, गाडी यात अर्धा-पाऊण तास जाणार, म्हणजे त्र्यंबकला पोचेपर्यंत अकरा. हाती उरले साडेतीन तास, त्यातच दर्शनाची रांग आणि जेवण. आता सांग, तू लिहिलेल्या यादीतली पांडवलेणी, अंजनेरी, गंगापूर धरण आणि द्राक्षांचे मळे कुठे बसवायचे? या दिवसात त्र्यंबक आणि पंचवटी एवढंच बसतं. बाकीचं पुसून टाक.

बोटीवरही हेच. गोव्यात मुरगाव बंदरात उतराल तेव्हा किती वाजेपर्यंत परत चढायचं ते सांगतील. ती वेळ बोट सुटायच्या बरीच आधीची असते, आणि उलटं मोजायचं ते तिच्यापासून. बोटवाल्यांच्या स्वतःच्या सहलीची बस अडकली तर बोट सहसा तिची वाट बघते. आपली आपण गाडी घेऊन गेलेल्यांसाठी ती थांबत नाही. बोटीचं कार्ड, ओळखपत्र आणि बोटीच्या स्थानिक एजंटाचा फोन नंबर खिशात असल्याशिवाय बंदराच्या फाटकाबाहेर पडू नका. पणजी किंवा मंगेशी, दोन्हींपैकी एकच करा. झुआरीवर नवा पूल झाल्यापासून पणजीचा रस्ता पुष्कळ सुटसुटीत झाला आहे, पण शनिवार-रविवारच्या गोव्याचा भरवसा मी देणार नाही.

गाडीला हात लावण्याआधी तिची पाटी बघायची. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असली तर ती ड्रायव्हरसकटची टॅक्सी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असली तर आपण स्वतः चालवायला भाड्याने द्यायची गाडी. गोव्यात अशा स्कूटरी पावलोपावली दिसतील. पांढऱ्या पाटीची गाडी घरगुती वापराची. ती भाड्याने द्यायला परवानगी नाही. शे-दोनशे स्वस्त पडते म्हणून लोक घेतात, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि वाटेत पोलिसांनी अडवलं तर दिवस तिथेच संपतो. परतीची गाडी पकडायची असणाऱ्याने पांढऱ्या पाटीकडे बघूही नये.

आता तुझा मुख्य प्रश्न, स्वतः चालवायची की ड्रायव्हरसकट घ्यायची. गोव्यात सवय झाली म्हणून इथेही तुला चावी हातात हवी असेल. माझं मत विचारशील तर नाशिकच्या या एका दिवसासाठी ड्रायव्हर घे. पैशाचा फरक तुला वाटतो तेवढा पडत नाही, कारण स्वतः चालवायच्या गाडीला अनामत, पेट्रोल आणि मोजके किलोमीटर असं सगळं वेगळं असतं. शिवाय अशा गाड्या देणाऱ्यांची दुकानं बहुतेक शहरात, इंदिरानगर-कॉलेज रोडकडे. स्टेशनवर आणून देणारे असतात, पण त्याचे पैसे निराळे. खरी अडचण संध्याकाळी येते. गाडी परत करताना दुकानदार चारी बाजूंनी फिरून ओरखडे बघणार, पेट्रोलचा काटा बघणार, अनामतीतून काही कापायचं म्हणणार आणि तुला वाद घालायला वेळ नसणार. आतोबा म्हणायचे, घाईत असलेल्या गिऱ्हाइकाशी हिशेब करायला सगळ्यांना आवडतं.

तरी घ्यायचीच असेल तर चावी घेण्याआधी गाडीभोवती फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढ. त्यात किलोमीटरचा आकडा, पेट्रोलचा काटा, चारी चाकं आणि डिकीतली स्टेपनीही येऊ दे. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का आणि ते कोण भरणार, हे विचार. लायसन्स जवळ ठेव. अनामत कधी आणि कशी परत मिळणार हे मेसेजवर लिहून घे. आणि द्राक्षांच्या मळ्यात वाईन चाखायचा विचार असेल तर चावीला हातच लावू नकोस.

ड्रायव्हरची गाडी ठरवतानाची भाषा शिकून घे. इकडे 'आठ तास ऐंशी किलोमीटर' असं पॅकेज असतं. त्यापुढे प्रत्येक तासाला आणि प्रत्येक किलोमीटरला जादा. ऐकायला पुष्कळ वाटतं. मांडून बघ. स्टेशन ते त्र्यंबक साधारण चाळीस, त्र्यंबक ते पंचवटी तीस, पंचवटी ते स्टेशन दहा. झाले ऐंशी. आणि मालकाने 'गॅरेज टू गॅरेज' म्हटलं, म्हणजे त्याच्या दारातून निघून त्याच्या दारात पोचेपर्यंत मीटर चालू, तर वरचे पंधरा-वीस तुझ्या माथी. तासांचंही तसंच. सकाळी साडेनऊपासून साडेसहा म्हणजे नऊ तास. म्हणून आधीच म्हण, 'दहा तास, शंभर किलोमीटर, स्टेशनपासून स्टेशनपर्यंत, टोल-पार्किंगसकट किती?' असा एकच आकडा घे आणि रात्रीच व्हॉट्सअॅपवर लिहून घे. 'आऊटस्टेशन' म्हणाला तर दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटर धरतात आणि ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. शिर्डीला जाणाऱ्यांना ते परवडतं, तुम्हाला त्याची गरज नाही.

मालकाचा नंबर असतोच सगळ्यांकडे. ड्रायव्हरचा नंबर आणि गाडीचा नंबर आदल्या रात्री माग. आयत्या वेळी 'तो आजारी पडला, दुसरा येतोय' हे नेहमीचं. आगाऊ थोडेच पैसे दे, बाकीचे स्टेशनवर उतरल्यावर. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलंत की 'शिर्डी, शिर्डी, त्र्यंबक' म्हणत लोक अंगावर येतील. ते वाईट नसतात, त्यांचं ते पोट आहे. पण बरेच जण सीटवर नेतात, म्हणजे गाडी भरेपर्यंत निघत नाही. ज्याला घड्याळ लागलेलं नाही त्याच्यासाठी ठीक आहे.

सामान गाडीच्या डिकीत ठेवू नका. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका. बॅगांना कुलूप लागतं आणि तिकीट दाखवावं लागतं, म्हणून कुलपं घेऊनच या. डिकीत सामान असलं की माणूस त्या गाडीला बांधला जातो. ती पंक्चर झाली, बंद पडली, ड्रायव्हर वेळेवर सापडला नाही, तर दुसऱ्या गाडीत बसून निघता येत नाही. सामान स्टेशनात असलं तर रिक्षानेही परत येता येतं. पासपोर्ट आणि औषधं मात्र अंगावरच्या पिशवीत.

लांबचं आधी, जवळचं नंतर. यात कुरकुर चालणार नाही. तुझी बायको म्हणेल की पंचवटी वाटेत आहे, ती आधी उरकू. उरकायची नाही. त्र्यंबकच्या रांगेत तास जास्त गेला तर पंचवटीतला एक तास कमी करता येतो. पंचवटी आधी करून त्र्यंबकला गेलात आणि रांग लांबली, तर तो तास गाडीच्या वेळेतून जातो. उशीर झालाच तर तो स्टेशनजवळच्या ठिकाणाला खाऊ दे.

त्र्यंबकची रांग सोमवारी, श्रावणात आणि सुट्टीच्या दिवशी कितीही वाढते. सशुल्क दर्शनाची सोय आहे. तुमच्यासारख्यांनी ती घ्यावी, देव रागावणार नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी तर ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेमुळे खासगी गाड्या गावाबाहेरच अडवतात आणि पुढे एसटीनेच जावं लागतं. त्या दिवशी येऊच नका. देवळात फोन नेऊ देत नाहीत, आणि इथेच बहुतेकांची चुकामूक होते. फोन जमा केल्यावर ड्रायव्हरला शोधणार कसं? म्हणून गाडीतून उतरण्याआधीच जागा आणि वेळ ठरवा, आणि ड्रायव्हरचा नंबर कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये ठेवा. एकला रांगेत अर्ध्यावरच असाल तर बाहेरून कळसाला हात जोडा आणि निघा. नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेलं ते काळ्या दगडाचं देऊळ बाहेरून बघण्यासारखं आहेच, रांगेत उभ्या माणसाला ते दिसत नाही एवढंच. कुशावर्त कुंड तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे. ब्रह्मगिरीचा डोंगर खालूनच बघायचा.

जाताना वाटेत अंजनेरीचा डोंगर दिसेल. पायथ्याला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि संग्रहालय आहे. तुझ्या मुलाला नाण्यांचं वेड आहे म्हणतोस, तर कधीतरी मुद्दाम त्यासाठीच ये. आज गाडीतून बोट दाखव आणि पुढे चल.

पंचवटीत गाडीचा काही उपयोग नाही. गल्ल्या अरुंद, पार्किंगला जागा नाही. ड्रायव्हरला गौरी पटांगणाकडे उभं राहायला सांग आणि पायी फिरा. रामकुंड, कपालेश्वर, काळाराम, सीतागुंफा हे सगळं चालत होतं. कपालेश्वराच्या देवळात शंकरासमोर नंदी नाही, ते मुलांना शोधायला लाव. सीतागुंफेत वाकून, जवळजवळ बसत जावं लागतं. आईचे गुडघे लक्षात घेऊन तिला बाहेरच सावलीत बसव. काळारामाच्या दारात मात्र थोडं थांबा. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह इथे सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षं चालला. मुलांना हे देवळातला कोणी सांगेलच असं नाही, तू सांग. 'पंचवटी दर्शन, दहा पॉइंट' म्हणत रिक्षावाले मागे लागतील. तुमच्याकडे वेळ असता तर मीच म्हटलं असतं की जा, तपोवन बघून या.

तुम्ही येणार त्या दिवशी सोमवार किंवा मोठी सुट्टी निघाली तर सगळा बेत उलटा फिरव. त्र्यंबक सोडून दे आणि सिन्नरला जा. देवाच्या पुण्याचं सोडलं आणि नुसतं बघायचं म्हटलं तर मला गोंदेश्वर जास्त आवडतं. यादवकाळातलं शिवपंचायतन, मधे मोठं देऊळ आणि चार कोपऱ्यांना चार छोटी. आवार मोकळं, गर्दी नाही, मुलांना पळायला जागा. आणि गाडी धरणाऱ्यासाठी सगळ्यात मोठी सोय म्हणजे ते स्टेशनच्या पलीकडे, पुणे रस्त्यावर आहे. शिंद्याचा टोलनाका ओलांडला की रस्ता सरळ. परत येताना द्वारका लागतच नाही. दुपारनंतर पांडवलेणी करता येतील. २४ लेणी, वर चढायला दोनशेच्या आसपास पायऱ्या. आई खाली दादासाहेब फाळके स्मारकाच्या बागेत बसेल. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, कौतुक दगडात कोरून ठेवलेलं. आईला हे सांग, तिला वर चढायचा मोह होईल.

पांडवलेण्यांहून स्टेशनला येताना ड्रायव्हरला म्हण, 'पाथर्डी फाट्याहून वडनेर-विहितगावमार्गे घे.' त्या रस्त्याने शहरात शिरावं लागत नाही. त्र्यंबकहून उशीर झाला आणि पंचवटी सोडूनच द्यायची वेळ आली, तर सातपूरहून अंबड लिंक रोडने पाथर्डी फाटा आणि मग हाच रस्ता. मोबाइलचा नकाशा कधीकधी द्वारकाच दाखवतो. ड्रायव्हर नाशिकचा असेल तर नकाशा बंद कर आणि त्याचं ऐक.

त्याच्याशी कसं वागायचं हे सांगायची वेळ तुझ्यावर येऊ नये, पण सांगते. परतीच्या गाडीची वेळ त्याला गाडीत बसताच सांग, शेवटी नको. दिवस कसा काढायचा हे त्याला आपोआप कळतं. आम्हाला दुकान नको, पैठणी नको, हेही तेव्हाच सांगून टाक. ठरावीक हॉटेलात त्याचं कमिशन असतं, त्यात रागावण्यासारखं काही नाही, तुझ्या पोटाला ते हॉटेल चालत असेल तर जा. तुम्ही जेवायला बसाल तेव्हा त्यालाही जेवायला बसव. दोन तास उन्हात उभ्या गाडीत भुकेला बसलेला माणूस संध्याकाळी गाडी कशी हाकतो ते मी घरी येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर बघितलं आहे. त्र्यंबकला जेवण्याआधी बायकांनी स्वच्छतागृह बघून घ्यावं, पुढे पंचवटीत धड सोय सापडायला वेळ लागतो. वाटेतला मोठा पेट्रोल पंप त्यातल्या त्यात बरा.

आणि नुसते दोन-तीन तास हातात असणारे लोकही मला विचारतात. त्यांनी गाडी घेऊच नये. स्टेशनजवळ मुक्तिधाम आहे, संगमरवरी, बारा ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृती आत, भिंतींवर गीता कोरलेली. रिक्षाने पाच-दहा मिनिटं. शहरात जायचंच असेल तर सिटीलिंकची बस आहे, पण ती तुझ्या घड्याळावर चालत नाही.

हा बेत पुढे ढकलणार असशील तर एक लक्षात ठेव. सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला ठरलं आहे आणि २०२७ च्या ऑगस्टमध्ये २ आणि ३१ तारखेला अमृतस्नानं आहेत. त्या दिवसांत गाडी भाड्याने घेऊन फिरणं ही गोष्टच उरत नाही. गाड्या शहराबाहेर थांबवतात आणि पुढे पायी किंवा सरकारी बसने जावं लागतं. कुंभमेळ्याच्या तयारीची रस्त्यांची कामं तर आधीपासूनच चालतात, म्हणून त्र्यंबक रस्त्याला मी धरलेल्या वेळात अर्धा तास वाढवून घे.

एवढं करूनही गाडी चुकू शकते. चुकली तर त्याच ड्रायव्हरला, दिवसभर गाडी चालवलेल्या माणसाला, रात्री कसाऱ्याचा घाट उतरवून मुंबईला न्यायला सांगू नकोस. जास्त पैसे दिलेस तर तो तयार होईल, म्हणूनच सांगते. सामान क्लोकरूममधून सोडव आणि रिक्षा करून सरळ घरी ये. मग जेवायलाही बसता येईल. तुमचं विमान रात्रीचं आहे, आणि पंचवटी एक्सप्रेस सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडला येते.